राखीव आरती

आमच्या वाडीत हल्ली मांजर हाकलल्याशिवाय गणपतीची आरती पूर्ण होत नाही. हे मी चेष्टेने सांगत नाही. देवीची आरती निम्म्यावर आली की स्पीकरमधून माझ्या वडिलांचा आवाज येतो, "अगो, ते मांजर हाकला आधी!" आणि घरातली झाडून सगळी पोरं टाळ्या थांबवून एका सुरात ओरडतात, "मांजर हाकला!" मग पुन्हा टाळ्या, पुन्हा आरती. ज्या घरात मांजर औषधालासुद्धा नाही, तिथेही हेच. मुंबईत वाढलेल्या एका नव्या सुनेने मला अगदी मनापासून विचारलं होतं, की ही तुमच्याकडची जुनी पद्धत आहे का? मी म्हटलं, हो, फार प्राचीन. आमच्या देवीला मांजर चालत नाही.

झालं होतं ते एवढंच. काही वर्षांपूर्वी माझा एक चुलतभाऊ, जो मुंबईत नोकरी करतो आणि गणपतीला न चुकता येतो, त्याने नवा मोबाइल आणि त्याला लावायचा एक छोटा माइक आणला. आमच्या घरची आरती त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड केली. मध्येच शेजारचं मांजर नैवेद्याच्या दुधाकडे सरकलं, बाबांनी ते पाहिलं आणि गाता गाताच ओरडले. मोबाइलने तेही इमानाने टिपून ठेवलं. त्याला काय, आरती आणि मांजर सारखंच.

आमची वाडी मालगुंडच्या अलीकडे, वरच्या कातळाच्या सड्यावरून खाली व्हाळाच्या पाण्यापर्यंत उतरत गेलेली. घरं मोजकी, बहुतेकांची आंब्याची कलमं, निम्मी पुरुषमाणसं मुंबईत नाहीतर बोटीवर. मी स्वतः रत्नागिरी शहरात शिक्षिका होते, आता निवृत्त आहे, आणि आई गेल्यापासून बराचसा काळ बाबांजवळ इथे राहते. बाबा वाडीचे बुवा. म्हणजे भजनाला पेटीवर ते, आणि गणपतीत आरती उचलायचे तेही तेच. हा मान त्यांना कोणी समारंभ करून दिलेला नव्हता. आवाज होता, आरत्या पाठ होत्या, आणि मुख्य म्हणजे घर ओळखता यायचं.

घर ओळखणं म्हणजे काय, ते सांगते. चतुर्थीच्या दुपारची आरती आमच्याकडे घरांच्या ओळीने होते. सड्याकडच्या घरापासून सुरुवात, मग सगळी वाडी एकेका घरातून खाली उतरत येते. प्रत्येक घरी आरती संपायला आणि नैवेद्याचे मोदक देवापुढे यायला एकच गाठ पडली पाहिजे. मोदक आधी येऊन गार होत बसले तर घरच्या बायका फुगणार, आणि आरती आधी संपून वाडी हात जोडून ताटकळत उभी राहिली तर त्या घराची वर्षभर शोभा. ही गाठ घालायचं काम बुवांचं. एका घरात बाळंतीण आहे, तिथे आरत्या आटोपशीर आणि टाळ हळू. एका घरात वर्षभरापूर्वी माणूस गेलंय, तिथे देवीची आरती जरा संथ. आणि स्वयंपाकघरातून वाटीवर चमचा वाजला, तर समजायचं की मोदकांना अजून वाफ यायची आहे. मग बाबा वळून बघायचेसुद्धा नाहीत, नुसते पेटीवरचा सूर धरून ठेवायचे आणि पुढची आरती काढायचे. तीही संपली आणि चमचा वाजतच राहिला, तर शेवटचा उपाय म्हणजे आमची ग्रामदेवतेची आरती.

ही आरती कुठल्याही पुस्तकात नाही. वाडीतल्याच कुणा पूर्वजाने केलेली, आणि काव्य म्हणून अगदीच बेतास बात. तिच्यात व्हाळ आहे, देवळापुढचा फणस आहे, पावसाळ्यात पाय घसरणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे, आणि देवीने या सगळ्यांचं रक्षण करावं अशी मागणी आहे. कडवी कितीही वाढवता येतात, कारण प्रत्येक घराचं एक कडवं जोडलेलं आहे. पण तिचं खरं बळ पालुपदात. बाबा कडवं म्हणून थांबायचे, आणि सगळी वाडी, बायका-पोरांसकट, पालुपद असं अंगावर घ्यायची की गणपतीवरच्या माटवीला टांगलेले नारळ हलतील. ओटीवरचे, बाहेर अंगणात खळ्यातले, आत उकड मळणाऱ्या, सगळे. बाबांना श्वास घ्यायला तेवढीच जागा मिळायची. लहानपणी आम्ही तिला 'मोदकांची आरती' म्हणायचो, कारण मोदकांना उशीर झाला तरच ती ऐकायला मिळायची. कोणीतरी गडबड करावी आणि मोदक फुटावेत अशी मी चक्क प्रार्थना करायची.

आता रेकॉर्डिंगमध्ये ही आरती नाही. का नाही, तर त्या वर्षी आमच्या घरचे मोदक वेळेवर झाले होते. मीच केले होते. तेव्हा मला त्याचं भारी कौतुक वाटलं होतं.

रेकॉर्डिंगवर वाडीने लगेच झडप घातली असं नाही. ते वाडीच्या ग्रुपवर आलं, सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि विसरले. पण मग साथीचं वर्ष आलं. कोणी कोणाच्या घरी जायचं नाही, चाकरमान्यांनी गावात यायचं नाही. त्या गणपतीत प्रत्येक घराने आपापलं दार लावून घेऊन बाबांचं रेकॉर्डिंग लावलं. आमच्या पडवीत बसलं की सड्यापासून व्हाळापर्यंत, पुढे-मागे सुरू झालेल्या सगळ्या घरांमधून एकट्या बाबांचाच आवाज ऐकू यायचा. बाबा फार खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी त्या डबड्याने खरोखर उपकार केले.

पण उपकार करणारा पाहुणा साथ ओसरल्यावर जाईल तर शपथ. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा जमले, आणि जमून त्यांनी रेकॉर्डिंगच लावलं. सोय म्हणे. पेटी उचलून घरोघर न्यायला नको, टाळ शोधायला नकोत, आरती विसरायची भीती नको. बाबा शेजारी उभे असताना बाबांचं रेकॉर्डिंग! मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "अगो, बाबांनाच आराम म्हणून." हा आराम बाबांनी कधी मागितला होता, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

आता आरतीला आलेली माणसं काय करतात, ते बघण्यासारखं आहे. निम्मे हात मोबाइल धरण्यात अडकलेले असतात, म्हणून टाळ्या निम्म्या. रेकॉर्डिंग मोबाइलवर वाजतंय आणि दुसऱ्या मोबाइलवर ते पुन्हा रेकॉर्ड होतंय. हा काय आचरटपणा आहे? एका घरी मस्कतला असलेल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर आरती दाखवत होते, आणि तिकडून त्याला आवाज नीट येईना, म्हणून त्याने आपल्याकडे तेच रेकॉर्डिंग लावलं. दोन बाबा एकमेकांच्या मागेपुढे गात राहिले. कुणालाही हसू आलं नाही. मोदकांचं तर विचारूच नका. रेकॉर्डिंग आपल्या वेळेला संपतं, त्याला बाळंतीण कळत नाही की चमचा कळत नाही. त्यामुळे आता घरोघर मोदक आदल्या दिवशी गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून विकत येतात.

आणि गणपतीपुळ्याची काय कथा सांगायची? तिथल्या एका हॉटेलात मी मैत्रिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. खिडकीबाहेर समुद्र उसळत होता, खिडक्या घट्ट बंद होत्या, आणि आत भिंतीतल्या स्पीकरमधून लाटांचं रेकॉर्डिंग चाललं होतं, बासरीसकट. मी वेटरला म्हटलं, बाबा रे, हा बंद कर आणि ती खिडकी उघड, फुकटात काम होईल. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, बाहेरचा आवाज गेस्टना डिस्टर्ब करतो."

शाळेतही मी निवृत्त व्हायच्या आधी हेच सुरू झालं होतं. सकाळची प्रार्थना माइकवर लागायची आणि मुलं ओठ शिवून उभी. कुणी गुणगुणलं तर त्याच्याच वर्गातली पोरं वळून बघायची, जणू त्याने काही वावगं केलंय. मुलं बेसूर होती म्हणून गप्प नव्हती. स्पीकर इतका सुरेल होता की आपलं तोंड उघडायची त्यांना लाज वाटायला लागली. पूर्वी बेसूर माणसाला आरतीत हक्काची जागा होती. आमच्या शेजारचे एक काका जन्मभर एकाच पट्टीत ओरडले, आणि ते ओरडले नाहीत तर आरती झाल्यासारखी वाटायची नाही. आता त्यांचा मुलगा आरतीला हाताची घडी घालून उभा राहतो आणि शेवटी 'साउंड छान आहे' म्हणतो. ऐकणारे तयार झाले, गाणारे आटले. याला लोक प्रगती म्हणतात, तर म्हणोत बापडे.

मागच्या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. सड्याकडच्या घरी आरतीला उभे होतो. बाबा आता ऐंशीच्या पुढचे, आवाज खाली उतरलेला, थोडा कापरा. पण त्यांना राहवलं नाही, त्यांनी स्पीकरबरोबर आरती म्हणायला सुरुवात केली. स्पीकरमधले बाबा वरच्या पट्टीत, हे बाबा खालच्या. स्पीकरमधले ताना घेऊन पुढे निघालेले, हे मागे राहिलेले. त्या घरची सून बाहेरगावी असलेल्या आपल्या मुलाला कॉलवर आरती दाखवत होती. ती मागे वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा थांबाल का? रेकॉर्डिंगमध्ये गोंधळ होतोय."

बाबा थांबले. हातातले टाळ त्यांनी खिडकीत ठेवले आणि उरलेल्या घरांत ते नुसते हात जोडून उभे राहिले. घरी येताना पाखाडीवर मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "तिची काय चूक नाय गो. गोंधळ होतच होता." मला त्या सुनेचा, त्या स्पीकरचा, सगळ्या वाडीचा इतका संताप आला की घरी येऊन चूलसुद्धा मी आदळआपट करतच पेटवली.

म्हणून या वर्षी मी ठरवलं, की निदान आमच्या घरी तरी बाबाच गातील. वाडीची गाण्याची उरलीसुरली ऐपत एका घराएवढी असेल, तर ते घर आमचं असेल. त्यांच्या हातून अजून किती गणपती होणार, कोण सांगू शकतं? चुलतभाऊ आला तो स्पीकर बगलेत मारूनच आला. मी त्याला दारातच सांगितलं, "तो डबा या घरात वाजणार नाही."

"अगो ताई, लोकांना सवय झालीय."

"सवय मोडायला काय लागतं? बटण दाब, मोडेल."

तो हिरमुसला, पण भांडला नाही. मनाने वाईट नाही तो. काकांवर त्याचा खरोखर जीव आहे, आणि त्यांचा आवाज जपून ठेवला म्हणून वाडी त्याला मान देते, हे त्याला फार गोड वाटतं. त्याने स्पीकर माजघरात कोपऱ्यात ठेवला.

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. उकड मी मुद्दाम उशिरा काढली. माझी म्हातारी आते मदतीला होती, ती म्हणाली, "काय गो, आज हात चालत नाय वाटतं?" मी म्हटलं, नाही चालत. मला चमचा वाजवायचा होता. ती राखीव आरती मला ऐकायची होती, आणि बाबांना ती म्हणताना सगळ्यांनी ऐकावं, उचलावं, अंगावर घ्यावं, एवढीच माझी मागणी होती.

वाडी आली. बाबांनी पेटी ओढली. पहिली आरती ठीक झाली, कारण ती जगाला पाठ आहे. लोक टाळ्या वाजवत होते, थोडे चाचरत म्हणतही होते. देवीच्या आरतीत पोरांनी ठरल्या जागी "मांजर हाकला!" केलंच. बाबा गाण्यात इतके रंगले होते, की ते क्षणभर खरंच मांजर शोधत राहिले. शेवटची आरती संपत आली तसा मी वाटीवर चमचा वाजवला. त्यांनी वळून पाहिलं नाही. पण त्यांची पाठ ताठ झालेली मला दारातून दिसली. सूर धरून ठेवला आणि त्यांनी ग्रामदेवतेची आरती उचलली.

कडवं संपलं आणि ते थांबले. ओटीवर, खळ्यात, कुठेही, एक आवाज उठला नाही. लोक एकमेकांकडे बघत होते, ही कुठली नवीन असा त्यांचा चेहरा. आणि ही तीच माणसं होती जी माझ्याबरोबर लहानपणी हे पालुपद बोंबलली होती. रेकॉर्डिंगमध्ये नाही, तर डोक्यातही नाही! मी आणि आते आतून ओरडलो. माझे हात पिठाने भरलेले, आतेला दात नाहीत, पण आम्ही ओरडलो. बाबांनी दुसरं कडवं घेतलं, आम्ही पुन्हा उचललं. तिसऱ्याला खळ्यातल्या एका म्हाताऱ्याला आठवलं, त्याचा घोगरा आवाज मिळाला. फाटकं का होईना, पण झालं. बाबांचा चेहरा लाल झाला होता, आणि ते हसत होते. गेल्या कितीतरी वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी उकडीच्या हातानेच डोळे पुसले.

आरती संपली आणि चुलतभाऊ पुढे धावला. "काका, ही तर आपल्या रेकॉर्डिंगमध्ये नाहीच! पुन्हा एकदा घ्या ना. मला सुरुवात मिळाली नाही."

आरती पुन्हा घ्या. देवापुढे. मी दारातून म्हटलं, "हे काय फोटो काढणं आहे? नैवेद्य येतोय." पण माझ्याकडे कोण बघतो? सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले होते. आता त्यांना काय करायचं ते कळत होतं. कोणी पंखा बंद केला, कोणी पोरांना खळ्यात हाकललं, कोणी बाहेरचं दार ओढून घेतलं. चुलतभावाने माइक बाबांच्या सदऱ्याला लावला आणि सगळ्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. "कुणी मध्ये बोलू नका हां. नुसता काकांचा आवाज पाहिजे. क्लीन."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, ते पेटी मिटतील. ते मात्र सदऱ्याची कॉलर सारखी करत होते. ज्यांनी वर्षभरापूर्वी त्यांना गोंधळ म्हणून बाजूला काढलं होतं, ती सगळी माणसं आता श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांना ते आवडलं होतं.

त्यांनी आरती सुरू केली. आवाज कापरा होता, पण जपून, नीट लावलेला. कडवं संपलं, ते थांबले, आणि मी मुद्दाम, अगदी हट्टाने, पालुपदासाठी तोंड उघडलं. पहिला शब्द जेमतेम बाहेर पडला असेल.

बाबांनी पेटीवरचा एक हात उचलला आणि माझ्याकडे न बघता तळवा उभा धरला. गप्प.

मी गप्प बसले. आते माझ्याकडे बघत राहिली. प्रत्येक कडव्यानंतर ते पालुपदाएवढे थांबले, आणि त्या वेळात आमच्या भरल्या घरात कोणीही हूं की चूं केलं नाही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.